रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

खेड्यापाड्यात ताप चार दिवस राहिला की विडाल तपासणी होते. रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहून येते आणि घरात सांगितले जाते, 'टायफॉइड निघाला.' लगेच सलाईन लागते, इंजेक्शने सुरू होतात. या तपासणीत पूर्वी कधीतरी होऊन गेलेला टायफॉइडही दिसतो, घेतलेली लसही दिसते, कधी दुसऱ्याच तापाने ती पॉझिटिव्ह येते. हे त्या घराला कोणी सांगत नाही. आपण रिपोर्टचा कागद कोर्टाच्या निकालासारखा वाचतो. खरे तर तो एका साक्षीदाराचा जबाब असतो. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची नजर कशी आहे आणि त्याने किती अंतरावरून पाहिले, हे विचारावेच लागते.

विडालच्या चुकीने पैसे जातात, नको ती औषधे पोटात जातात. पण काही आजारांत रिपोर्ट चुकीचा वाचला तर माणूसच जातो. अशाच एका आजाराबद्दल या वेळी लिहिते आहे. त्याचे नाव क्रॉइट्झफेल्ट-जेकब आजार. डॉक्टर त्याला थोडक्यात सीजेडी म्हणतात.

काही वाचक विचारतील, आपल्या वस्तीत रक्तक्षय आहे, क्षयरोग आहे, सिकलसेल आहे. मग ताई, हा परदेशी नावाचा आजार कशाला? याची दोन कारणे आहेत. पहिले असे की हा आजार परदेशी नाही, तो आपल्याकडेही होतो, फक्त त्याला नाव मिळत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. या आजारावर औषध नाही, पण याच्यासारखे दिसणारे कितीतरी आजार औषधाने बरे होतात. एका रिपोर्टवर विसंबून अशा बऱ्या होणाऱ्या माणसावर 'आता काही उपाय नाही' असा शिक्का बसला, तर त्याच्या मरणाला आजार नव्हे, आपली घाई जबाबदार असते.

आजार काय आहे?

१९२० आणि १९२१ साली क्रॉइट्झफेल्ट आणि जेकब या दोन जर्मन डॉक्टरांनी अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. आजार बहुधा साठीच्या आसपास सुरू होतो. विसरभोळेपणा येतो, पण तो म्हातारपणाच्या विसरण्यासारखा वर्षावर्षांनी वाढत नाही, आठवड्या-आठवड्याने वाढतो. चालताना तोल जातो. दिसण्यात फरक पडतो. हातापायांना अचानक हिसके बसतात, मोठा आवाज झाला की अंग दचकते. मग बोलणे बंद होते, गिळणे बंद होते. बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत जातात, पुष्कळसे चार-सहा महिन्यांतच.

हा आजार जंतूने होत नाही. आपल्या मेंदूत प्रिऑन नावाचे एक प्रथिन नैसर्गिकच असते. त्याची घडी बिघडली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवते. दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण पडावे आणि सकाळपर्यंत सगळ्या दुधाचे दही व्हावे, तसे मेंदूत घडत जाते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली आणि 'प्रिऑन' हा शब्द दिला. जंतूशिवाय असा आजार होतो यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. १९९७ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

शंभरातले सुमारे पंच्याऐंशी रुग्ण असे असतात की त्यांना हा आजार का झाला याचे बाहेरचे कारण सापडत नाही. दहा ते पंधरा जणांत तो जनुकातून, म्हणजे घराण्यातून आलेला असतो. बाहेरून लागण झालेले रुग्ण शंभरात एकही भरत नाहीत. ती लागणही झाली आहे ती दूषित शस्त्रक्रियेची उपकरणे, मृत माणसाच्या ग्रंथीपासून काढलेले वाढीचे संप्रेरक, मेंदूच्या आवरणाचे किंवा डोळ्याच्या बुबुळाचे रोपण अशा मार्गांनी. नेहमीच्या उकळण्याने किंवा फॉर्मलिनने प्रिऑन मरत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीत वेगळी काळजी घ्यावी लागते.

पण एक गोष्ट ठामपणे सांगते. रुग्णाला शिवल्याने, त्याला अंघोळ घातल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याचे कपडे धुतल्याने हा आजार होत नाही. शिवाशिवीचा अर्थ आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आजारी माणसाच्या वाट्याला आपल्याच घरात तो अर्थ येऊ देऊ नका.

आधी भानामती, मग कागद

पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे नावाचे लोक राहतात. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यात 'कुरू' नावाच्या आजाराने माणसे मरत होती. चालताना तोल जायचा, अंग थरथरायचे, मग मरण यायचे. मरणाऱ्यांत बायका आणि लेकरे जास्त होती. लोक म्हणत, कोणीतरी करणी केली. संशयितांवर सूड उगवला गेला, माणसे मारली गेली. पुढे शोध लागला तो असा की मेलेल्या आप्ताचा देह खाण्याच्या त्यांच्या अंत्यविधीतून हा आजार पसरत होता. मेंदूचा भाग बहुतेक बायका-लेकरांच्या वाट्याला येई. ती प्रथा थांबली आणि नव्या पिढीत आजार उरला नाही. या संशोधनासाठी डॅनियल कार्लटन गजडुसेक यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. कुरू हा सीजेडीच्याच कुळातला आजार आहे.

हे फार दूरचे वाटते का? मराठवाड्यात साठीच्या बाईला एकाएकी हिसके बसू लागले, ती असंबद्ध बोलू लागली, रात्री ओरडू लागली, तर शेजारीपाजारी काय म्हणतात ते आठवा. भानामती. करणी. बाहेरची बाधा. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण कायद्याने मनातली भीती जात नाही. पहिले काही आठवडे भगताच्या दारात जातात. या आजारासारख्या दिसणाऱ्या, पण बऱ्या होणाऱ्या आजारांत नेमके तेच आठवडे मोलाचे असतात.

मग माणूस मोठ्या दवाखान्यात येतो आणि तिथे दुसरे टोक गाठले जाते. भगताच्या शब्दावर जसा विश्वास होता, तसाच आता छापील कागदावर बसतो. माझे म्हणणे असे की प्रश्न न विचारता ठेवलेला विश्वास दोन्हीकडे सारखाच धोक्याचा आहे.

आपल्याकडे किती रुग्ण असतील?

जगभरात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन जणांना हा आजार होतो असे आढळते. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांच्या वर आणि लातूरची २४ लाखांच्या वर होती. दोन्ही मिळून ५८ लाख. त्या मापाने वर्षाला सहा ते बारा रुग्ण होतात. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचे प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे, म्हणून त्याहून कमी धरा. तरी शून्य होत नाही.

आपल्या देशात बंगळूरची निम्हान्स ही संस्था या आजाराच्या नोंदी ठेवत आली आहे. तिथल्या डॉ. सतीशचंद्र आणि डॉ. शंकर यांनी १९७१ ते १९९० या काळातल्या भारतीय रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आजार इथे आहे हे काही नवे नाही. पण कंधार तालुक्यातल्या वाडीवरची म्हातारी सहा महिन्यांत झिजून गेली, तर मरणाचे कारण 'वय झाले', 'लकवा' किंवा 'डोक्यावर परिणाम' एवढेच लिहिले जाते.

चार साक्षीदार

सीजेडी आहे की नाही हे शंभर टक्के कळते ते मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि त्यातले बिघडलेले प्रथिन तपासून. हे बहुधा मृत्यूनंतरच होते. जिवंतपणी चार मुख्य तपासण्यांवर भिस्त असते.

पहिली ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख. काही रुग्णांत ठरावीक अंतराने टोकदार लाटा दिसतात. पण त्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांतच सापडतात, आणि तेही बरेचदा आजार पुढे गेल्यावर.

दुसरी एमआरआय. त्यातल्या एका विशिष्ट पद्धतीच्या चित्रात मेंदूच्या कडा किंवा आतल्या गाठी चमकताना दिसतात. ही तपासणी चांगली आहे, जाणकाराने पाहिली तर शंभरात नव्वदपर्यंत रुग्ण पकडते. मात्र ज्याने असे चित्र पूर्वी कधी पाहिलेच नाही, त्याच्या नजरेतून ते सुटू शकते.

तिसरी पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यातली १४-३-३ नावाच्या प्रथिनाची तपासणी. या लेखाचा मुख्य रोख तिच्यावर आहे. हे प्रथिन मेंदूच्या पेशी भराभर मरू लागल्या की पाण्यात उतरते. पेशी सीजेडीने मेल्या, झटक्याने मेल्या, मेंदूज्वराने मेल्या की गाठीने, हे त्याला कळत नाही. लांबून धूर दिसावा तसे हे आहे. धूर आहे एवढे नक्की. पण कडबा पेटला, घर पेटले की कोणी चूल पेटवली, ते धूर सांगत नाही.

चौथी नवी तपासणी म्हणजे आरटी-क्विक. हिच्यात विरजणाचीच युक्ती वापरली आहे. प्रयोगशाळेत चांगले प्रिऑन प्रथिन तयार ठेवतात, म्हणजे दूध. त्यात रुग्णाच्या पाठीच्या पाण्याचा थेंब टाकतात आणि हलवत ठेवतात. थेंबात बिघडलेले प्रथिन असेल तर सगळे 'लागते' आणि त्यात घातलेला रंग चमकू लागतो. नसेल तर दूध दूधच राहते. ही तपासणी धूर पाहत नाही, विरजणच शोधते. म्हणून ती फार कमी वेळा खोटा इशारा देते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१८ मध्ये तिला निदानाच्या निकषांत जागा दिली.

टक्केवारी कशी वाचायची?

१४-३-३ ची तपासणी १९९६ मध्ये पुढे आली तेव्हा मोठे कौतुक झाले. शंभरात ९६ रुग्ण ती ओळखते असे सांगितले गेले आणि खोटे इशारेही थोडे होते. पुढे ती रोजच्या वापरात आली आणि चित्र बदलले. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून आकडे काढले. ज्यांना आजार आहे अशा शंभरांत ९२ जण ती पकडते. ज्यांना आजार नाही अशा शंभरांत ८० जणांना ती बरोबर 'नाही' म्हणते. उरलेल्या २० जणांना आजार नसून पॉझिटिव्ह येतो.

आकडे असे का उतरतात? कारण तपासणीचे मोजमाप कोणावर केले यावर सगळे अवलंबून असते. एकीकडे पक्के रुग्ण आणि दुसरीकडे अगदी वेगळ्या तक्रारींची माणसे घेतली, तर कोणतीही तपासणी हुशार दिसते. खरी परीक्षा होते ती एकसारख्या दिसणाऱ्या रुग्णांत. वांगे आणि टोमॅटो वेगळे ओळखणे सोपे आहे, पण बियाण्याच्या दुकानात असली आणि नकली बी ओळखणाऱ्यालाच जाणकार म्हणतात.

आता ९२ आणि ८० हे आकडे वहीत मांडून पाहू. समजा, विसरभोळेपणाच्या हजार रुग्णांची सरसकट १४-३-३ तपासणी केली आणि त्यांत खरे सीजेडीचे दहा आहेत.

दहांपैकी नऊ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९० जणांना आजार नाही, पण त्यांतल्या शंभरी वीस या हिशेबाने १९८ जण पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह झाले २०७, त्यांत खरे नऊ. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तेवीस माणसांत आजार एकाला, आणि बावीस जणांच्या हातात चुकीचा कागद.

आता दुसरे उदाहरण घ्या. मेंदूविकारतज्ज्ञाने रुग्ण नीट तपासले, एमआरआय पाहिला, इतर कारणे बाजूला केली आणि ज्यांच्यात खरोखर दाट शंका आहे अशाच हजार जणांची तपासणी केली. त्यांत पाचशे खरे रुग्ण आहेत असे धरू. आता ४६० खरे पॉझिटिव्ह आणि शंभर खोटे. पाच पॉझिटिव्हमध्ये चार खरे.

तपासणी तीच, प्रयोगशाळा तीच, रिपोर्टवरचा शब्दही तोच. पण पहिल्या ठिकाणी त्या शब्दाला जवळजवळ काही किंमत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी बरीच आहे. फरक पडला तो तपासणीच्या आधी डॉक्टरने केलेल्या कामाने. आरटी-क्विक यापेक्षा कितीतरी सरस आहे. तरी शंभरात एकच खोटा इशारा धरला, तर पहिल्या उदाहरणात तिचेही नऊ खरे आणि सुमारे दहा खोटे येतील. दुर्मिळ आजाराचा हा गणिती नियम आहे, कोणतेही महागडे यंत्र त्यातून सुटत नाही.

उलट बाजूही विसरू नका. दुसऱ्या उदाहरणात पाचशे खऱ्या रुग्णांपैकी चाळीस जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आहे. म्हणून 'निगेटिव्ह आला, सुटलो' हेही खरे नाही.

नळीपासून चूक सुरू होते

नर्स म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुस्तकात ती एका ओळीत असते आणि वॉर्डात ती रोज घडते. तपासणीचे टक्के नमुना नीट असेल तरच लागू होतात. पाठीचे पाणी काढताना त्यात रक्त मिसळले तर १४-३-३ खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि आरटी-क्विक खोटी निगेटिव्ह. नमुना गोठवून, बर्फात पाठवायचा असतो. एका दवाखान्यात दुपारी काढलेली नळी नेणारा मुलगा आला नाही म्हणून सकाळपर्यंत टेबलावर पडलेली मी पाहिली आहे. रिपोर्ट आला तेव्हा त्यावर आकडा होता, पण ती रात्र कुठेच लिहिलेली नव्हती.

आपले लोक पाठीचे पाणी काढू द्यायला घाबरतात. 'माणूस कायमचा लुळा पडतो' अशी समजूत आहे. ज्या जागी सुई जाते तिथे मुख्य मज्जारज्जू संपलेला असतो. डोके दुखते, क्वचित इतर त्रास होतो, पण त्या सुईने माणूस लुळा पडतो ही भीती खरी नाही. क्षयाचा मेंदूज्वर असेल तर तेच पाणी जीव वाचवते. मात्र एकदा सुई टोचायची ठरली की त्या थेंबांचे मोल दवाखान्याने जाणले पाहिजे.

ज्यांना हा आजार नव्हताच

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. अमेरिकेत क्लीव्हलँडला प्रिऑन आजारांवर लक्ष ठेवणारे राष्ट्रीय केंद्र आहे. ज्यांना हा आजार असावा असे डॉक्टरांना वाटले होते, अशा १,१०६ मृत रुग्णांचे मेंदू तिथे तपासले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३५२ जणांना, म्हणजे जवळजवळ तिघांतल्या एकाला, प्रिऑनचा आजार नव्हताच. त्यांतले बरेच जण अल्झायमर किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराचे होते. पण ७१ जणांना असा आजार होता की ज्यावर उपचार शक्य होते. २६ जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटली होती, २५ जणांत गाठ होती, १४ जणांत जंतुसंसर्ग, सहा जणांत शरीरातल्या रसायनांचा बिघाड.

ही अमेरिकेतली गोष्ट आहे, जिथे एमआरआय आहे, तज्ज्ञ आहेत, पैसा आहे. मग आपल्याकडे काय होत असेल? आपल्याकडे तर या आजाराची सोंगे घेणारे आजार जास्त आहेत. क्षयाचा मेंदूज्वर. मेंदूतल्या जंताच्या गाठी. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी लेकरांना आणि तरुणांना होणारा एसएसपीई, ज्यात असेच हिसके बसतात आणि ईईजीतही ठरावीक अंतराने लाटा येतात. तो बरा होत नाही, पण गोवराच्या लसीने टळतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, दारूसोबत जेवण सुटल्याने येणारी थायमिनची कमतरता, फक्त ज्वारी-मक्यावर जगणाऱ्या गरिबाला होणारा पेलाग्रा. डोक्याला मार लागून आठवड्यांनी साचलेले रक्त. एचआयव्ही, गुप्तरोगाचा मेंदूवरचा परिणाम. आणि प्रतिकारशक्तीने केलेला मेंदूदाह, ज्यातल्या एका प्रकारात चेहऱ्याला आणि हाताला क्षणभराचे हिसके बसतात, रक्तातले सोडियम उतरते आणि स्टेरॉइडने माणूस पुन्हा घरच्यांना ओळखू लागतो.

म्हणून माझा आक्षेप असा आहे. १४-३-३ चे ९२ आणि ८० हे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून निघालेले आहेत. 'ज्यांना आजार नाही' त्या गटात तिथे जी माणसे होती, ती आपल्या वॉर्डातली माणसे नाहीत. आपल्याकडे क्षय आणि मेंदूज्वर जास्त, म्हणून धूरही जास्त. इथल्या रुग्णांवर, इथल्या शवविच्छेदनांशी ताडून ही तपासणी पुन्हा मोजली पाहिजे. तोवर परदेशी टक्के आपल्या रिपोर्टला जसेच्या तसे चिकटवू नयेत.

'एवढ्या दुर्मिळ आजारासाठी एवढा खर्च?'

असे विचारणारे डॉक्टर आणि अधिकारी भेटतात. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. सरकारी दवाखान्यात साध्या गोळ्या संपतात तिथे आरटी-क्विकची मागणी कोणी करावी? पण माझी पहिली मागणी महाग तपासणीची नाहीच. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, यकृत, मूत्रपिंड, एचआयव्ही, सिफिलिस, डोक्याचा सीटी, पाठीच्या पाण्यातल्या पेशी आणि क्षयाची तपासणी, ही यादी रोजच्याच तपासण्यांची आहे. आठवड्या-आठवड्याने बुद्धी ढासळणारा प्रत्येक रुग्ण नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आला की ही यादी पूर्ण झाल्याशिवाय त्याच्या कागदावर सीजेडी लिहू नये. प्रतिकारशक्तीच्या मेंदूदाहाची रक्ततपासणी महाग आहे. ती गरिबाला खाजगी लॅबमध्ये स्वतःच्या पैशाने करायला लावू नये, सरकारी योजनेत घ्यावी.

दुसरी मागणी, प्रत्येक लॅबने असा रिपोर्ट देताना खाली दोन ओळी मराठीत छापाव्यात. ही तपासणी कोणकोणत्या इतर आजारांत पॉझिटिव्ह येते, आणि नमुना कसा मिळाला, रक्तमिश्रित होता की स्वच्छ.

तिसरी मागणी, बंगळूरसारख्या केंद्राकडे नमुना पाठवायची सोय महाविद्यालयानेच करावी. कंधारच्या माणसाला नांदेड गाठतानाच एका दिवसाची मजुरी बुडते. बर्फाचा डबा हातात देऊन त्याला रेल्वेत बसवणे ही आरोग्यसेवा नव्हे.

चौथी मागणी शवविच्छेदनाची. मृत्यूनंतर मेंदू तपासला तरच खरे निदान कळते आणि तपासण्या किती खऱ्या ठरल्या हेही कळते. पण गरिबाचा देह म्हणून गृहीत धरू नका. घरच्या भाषेत समजावून विचारा, नकार दिला तर मान राखा, आणि होकार दिला तर निकाल त्या कुटुंबाला कळवा. हा आजार घराण्यातून आलेला आहे का, हे जाणण्याचा त्या मुलांना हक्क आहे.

खरे निदान हीसुद्धा सेवा आहे

कोणी असे समजू नये की मी आशेचा बाजार मांडते आहे. सगळे तपासून, तज्ज्ञ पाहून, आरटी-क्विक आणि एमआरआय दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर ते स्पष्ट सांगणे हेही डॉक्टरचे कर्तव्य आहे. अर्धवट सांगितले की कुटुंब हैदराबाद, पुणे, मुंबई करत फिरते, शेत गहाण पडते, शेवटचे महिने आयसीयूच्या काचेबाहेर जातात. दोन-तीन आठवड्यांत बरे होणारे आजार शोधून संपवा, मग खरे काय ते सांगा, आणि घरी कसे सांभाळायचे ते शिकवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. गिळताना ठसका लागतो म्हणून पातळ पाण्याऐवजी दाटसर पेज द्यायची, तीही बसवून. हिसक्यांसाठी औषध असते, ते मागून घ्यायचे. खोलीत गोंगाट नको. माणूस ओळखत नसला तरी त्याच्याशी बोलायचे.

तुम्ही काय विचाराल?

विहारातल्या बैठकीत, बचत गटात हे प्रश्न लिहून ठेवा. अशी वेळ आली तर डॉक्टरांना शांतपणे विचारा :

ही तपासणी कोणत्या आजारासाठी केली, आणि ती दुसऱ्या कोणत्या आजारात पॉझिटिव्ह येते?

बरे होऊ शकणारी कोणती कारणे तपासली, कोणती राहिली?

नमुना स्वच्छ होता का, कुठे आणि कसा पाठवला?

एमआरआय मेंदूविकारतज्ज्ञाने स्वतः पाहिला का?

रिपोर्ट आणि माणसाची लक्षणे जुळत नसतील, तर पुन्हा तपासणी कधी करायची?

हे प्रश्न फक्त सीजेडीसाठी नाहीत. आपल्या मुलामुलींची सिकलसेलची सोल्युबिलिटी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर मूल रुग्ण आहे की फक्त वाहक, हे ती सांगतच नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. तरी त्या एका शब्दावर लग्ने मोडतात, मुलींना बोल लागतात. विडाल असो, सिकलसेल असो की मेंदूचा हा आजार, प्रश्न तोच आहे.

प्रश्न विचारला म्हणून डॉक्टर रागावतील ही भीती सोडा. चांगला डॉक्टर रागावत नाही, तो खुर्ची पुढे ओढून सांगायला बसतो. आणि जो रागावेल, त्याच्याकडून तर उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.